स्क्रममध्ये कोण कशाला जबाबदार आणि कुठली मीटिंग कशासाठी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोकुळ शिरगावच्या कंपनीत टेस्टर म्हणून लागून तुम्हाला तीन महिने झालेत, आणि तिथं स्क्रमनं, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर करायच्या पद्धतीनं, काम चालतं. डेली, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, पाऊण तास चालते, मॅनेजरच स्क्रम मास्टर आणि प्रॉडक्ट ओनरही तेच, आणि स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, अर्ध्यावर असताना नवं काम येऊन पडतं. 'मी नक्की कोणाचं ऐकू आणि या मीटिंगांचा उपयोग काय' असं तुम्ही विचारलंय. मी 12 वर्षं इथंच कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममध्ये काढली आहेत. आधी तुमच्यासारखी टेस्टर होते, आता स्क्रम मास्टर आहे. त्यामुळं जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे स्क्रममध्ये 'साहेब' नावाची जागाच नाही. स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी 2020 साली स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमची नियमपुस्तिका, सुधारलं, तेव्हा 'रोल' हा शब्द काढून जबाबदारीची भाषा आणली. अशा जबाबदाऱ्या तीन. कुठलं काम आधी आणि कुठलं मागून, हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो. तो एकच माणूस असतो, कमिटी नाही. स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं आणि ते कसं करायचं, हे डेव्हलपर ठरवतात. स्क्रमच्या हिशेबात तुम्ही टेस्टर असूनही डेव्हलपरच आहात, हे नीट ध्यानात घ्या. 'हे दोन दिवसांत तपासून होणार नाही' असं स्प्रिंटच्या सुरुवातीच्या प्लॅनिंगमध्ये सांगणं हा आगाऊपणा नाही, ते तुमचं कामच आहे. स्क्रम मास्टर टीमची घडी बसवतो आणि वाटेतले अडथळे काढतो. कामं वाटून देणं त्याच्याकडं नाही.

तुमच्याकडं गोंधळ होतोय तो इथंच. प्रॉडक्ट ओनरला ग्राहकासाठी जास्त काम हवं असतं आणि स्क्रम मास्टरला टीमचा दम सांभाळायचा असतो. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असल्या की ओढाताण होते, आणि त्यात मॅनेजर म्हणून अप्रेझलही त्यांच्याच हातात असेल तर डेलीत खरं बोलणार कोण? माझ्या मते स्क्रम मास्टरची जागा तरी दुसऱ्या कुणाकडं जायला हवी, मग तो टीममधलाच एखादा का असेना.

मधेच आलेल्या कामाबद्दल गाइड अगदी स्पष्ट आहे. स्प्रिंट गोल, म्हणजे त्या स्प्रिंटचं ठरलेलं उद्दिष्ट, धोक्यात येईल असा बदल करायचा नाही. बाकी काम प्रॉडक्ट ओनरशी बोलून कमीजास्त करता येतं. म्हणून नवं काम आलं की थेट 'नाही' म्हणू नका. 'हे घेतलं तर आपला गोल राहतो का, आणि यातलं काय बाहेर काढायचं?' एवढं विचारा. गोलच निरर्थक झाला असेल तर स्प्रिंट रद्द करता येतो, पण तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा. तुमच्याकडं स्प्रिंट गोल लिहिलेला आहे का हो? नसेल तर बाकीचं सगळं वाऱ्यावर आहे.

आता डेली. तिला 15 मिनिटं असतात आणि ती डेव्हलपरांची असते, साहेबांना हिशेब द्यायची नाही. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न तर 2020 च्या गाइडमधून काढूनच टाकलेत. आमची डेलीही एके काळी चाळीस मिनिटांवर गेली होती, कारण प्रत्येकजण मॅनेजरकडं तोंड करून बोलायचा. आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. सुरुवातीला कुणीतरी गोल मोठ्यानं वाचायचा, आणि खोलातली चर्चा ज्या दोघांची असेल त्यांनी नंतर बाजूला करायची. आठवडाभरात डेली बारा मिनिटांवर आली.

प्लॅनिंगबद्दल फार लिहीत नाही. हा स्प्रिंट कशासाठी, त्यात काय आणि ते कसं, ही तीन उत्तरं घेऊन उठलात की झालं. एक महिन्याच्या स्प्रिंटला त्यासाठी जास्तीत जास्त 8 तास, छोट्या स्प्रिंटला साधारण त्या मानानं कमी.

रिव्ह्यूबद्दल, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवायच्या मीटिंगबद्दल, मात्र सांगितलंच पाहिजे. शिरोलीच्या एका फाउंड्रीसाठी आम्ही रिजेक्शन, म्हणजे नापास झालेलं कास्टिंग, नोंदवायचं टॅबलेटवरचं ॲप करत होतो. पहिले दोन रिव्ह्यू त्यांच्या ऑफिसात झाले. मालक आणि अकाउंटंट बसले, पडद्यावर बघितलं, 'छान झालंय' म्हणाले. तिसरा रिव्ह्यू मी हट्टानं शॉप फ्लोअरवर घ्यायला लावला. सुपरवायझरच्या हातात टॅबलेट दिला, तर त्यानं तो आधी खाली ठेवला आणि हातातले जाड मोजे काढायला लागला. म्हणाला, "मॅडम, दर वेळंला मोजं काढायचं म्हटलं तर पोअरिंग कोण बघणार? आम्ही वहीत लिवतो, सांजच्याला ऑफिसातलं पोरगं ह्यात भरतंय." दोन महिने आमच्या डेटाबेसमध्ये जे येत होतं ते वहीवरून उतरवलेलं होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता. तिथंच उभं राहून प्रॉडक्ट ओनरनं बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, क्रम बदलला. मालकांचे रिपोर्ट मागं गेले. ब्लोहोल, सँड इन्क्लुजन, शिफ्ट आणि कोल्ड शट या कास्टिंगमधल्या दोषांची चार मोठी बटणं पुढं आली, मोजे घालून दाबता येतील एवढी. रिव्ह्यू असा असतो. वापरणारा माणूस समोर नसेल आणि बॅकलॉगमध्ये काहीच हललं नाही, तर तो फक्त डेमो झाला.

टेस्टर म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त जीव लावायचा आहे तो 'डेफिनिशन ऑफ डन'ला, म्हणजे काम 'झालं' कधी म्हणायचं याच्या कसोटीला. गुऱ्हाळावर कधी गेला असाल तर गुळव्याला बघितलं असेल. काहिलीतल्या पाकाचा थेंब तो पाण्यात टाकतो आणि बोटांत धरून गोळी होते का बघतो. चुलवाणात जाळ घालणारा 'झालंय' म्हणाला म्हणून काहील उतरत नाही. तुमच्या टीमची ही कसोटी काय, ते सगळ्यांनी मिळून लिहून ठेवा. त्यात न बसणारं काम रिव्ह्यूत दाखवायचं नाही, ते परत बॅकलॉगमध्ये जातं. 'डेव्हलपमेंट झालंय, टेस्टिंग तेवढं राहिलंय' हे वाक्य त्या दिवसापासून बंद होतं.

रेट्रोत, म्हणजे आपण काम कसं केलं ते बघायच्या स्प्रिंटच्या शेवटच्या मीटिंगमध्ये, दहा तक्रारींची यादी करत बसू नका. एकच गोष्ट निवडा, आणि ती पुढच्याच स्प्रिंटमध्ये घ्या.

सर्टिफिकेटचंही विचारलंय. आधी गाइड वाचा, ते फुकट मिळतं आणि तासाभरात वाचून होतं. स्क्रम मास्टरची दोन सर्टिफिकेटं जास्त चालतात, सीएसएम आणि पीएसएम 1. सीएसएमसाठी कोर्स करावा लागतो. पीएसएम 1 ला कोर्सची अट नाही. त्याच्या परीक्षेत 60 मिनिटांत 80 प्रश्न असतात आणि पास व्हायला 85 टक्के लागतात. पण माझं ऐकाल तर सहा महिने थांबा आणि हातातल्या टीमवर हे करून बघा.

सोमवारच्या डेलीत मॅनेजरना एवढंच विचारा की या स्प्रिंटचा गोल एका वाक्यात बोर्डवर लिहूया का. ते काय म्हणतात ते इथंच लिहा, मग पुढचं बोलू.