वाचकांचे प्रश्न : गुणवत्ता असताना मार्गदर्शक कशासाठी?

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय शिक्षणासंबंधी वाचताना मार्गदर्शकाचा उल्लेख वारंवार येतो. डॉक्टर होण्यासाठी गुणवत्ता पुरेशी नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : गुणवत्तेवर प्रवेश मिळतो, परंतु शल्यविशारद घडतो तो ज्येष्ठाच्या शेजारी उभा राहून, आणि नेमकी तीच जागा तेथील कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ नाकारली गेली. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या दर्जाची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी हॉवर्ड व मेहॅरी ही दोनच टिकवण्याजोगी ठरवली. उरलेली पुढे बंद पडली, आणि जागांबरोबरच शिकवणाऱ्यांची परंपराही खंडित झाली.

व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय प्रयोगशाळा-साहाय्यकाचे उदाहरण अधिक बोलके आहे. महामंदीत साठवलेले पैसे बुडाल्याने वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झालेले थॉमस शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक झाले, तेथेच शस्त्रक्रिया शिकले आणि १९४४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जन्मजात हृदयविकाराच्या बालिकेवर ब्लॅलॉक यांनी केलेल्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्यामागे उभे राहून सूचना देत होते. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मात्र त्यांचे नाव नव्हते. माझ्या मते, कौशल्य देऊन श्रेय न देणारे मार्गदर्शन अपुरेच म्हणावे लागेल. थॉमस यांनी स्वतः मात्र अनेक तरुण शल्यविशारदांना घडवले; जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९७६ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

त्यामुळे विद्यार्थ्याने मार्गदर्शक निवडताना तो काय शिकवतो याबरोबरच आपल्या शिष्यांची नावे तो कोठे पुढे करतो, हेही पाहावे.