हजार लिटर पाणी नक्की कितीला पडतं?

प्रश्न: मी एका नगरपरिषदेत लेखा विभागात आहे. पाणीपुरवठ्याचा खर्च काढायला नवीन सॉफ्टवेअर घेतलंय, ते सांगतं हजार लिटर पाणी १२ रुपयांना पडतं. सीओ (मुख्याधिकारी) साहेब म्हणतात याच आकड्यावर पाणीपट्टीचा प्रस्ताव सभेपुढे ठेवू. मला काही पटत नाहीये. सिस्टीम भरवशाची आहे की नाही हे कसं बघायचं?

उत्तर: शंका रास्त आहे तुमची. आधी विचारा, खर्चाला भागलं कशाने, उपसलेल्या पाण्याने की बिल झालेल्या? समजा ४० टक्के पाणी गळती-चोरीत जात असेल तर तेच १२ रुपये बिल झालेल्या पाण्यावर थेट २० होतात. आणि उपसा तरी खरंच मोजलाय का? कितीतरी ठिकाणी फ्लो मीटर (पाइपातून जाणारं पाणी मोजणारं यंत्र) बंद पडलेला असतो, ऑपरेटर लॉगबुकात पंप चालू-बंदची वेळ लिहितो, मग तास गुणिले पंपाच्या पाटीवरची क्षमता, झाला उपसा! पंप जुना झाला की तेवढं पाणी फेकत नाही, पण पाटी तीच राहते ना. हे चुकलं की सॉफ्टवेअर कितीही भारी असो, काही उपयोग नाही.

खर्चाची बाजू पण बघा. महावितरणचं बिल थकवलं आणि हिशोब फक्त दिलेल्या पैशांचा असेल तर त्या वर्षी पाणी उगाच स्वस्त दिसतं. म्हणून तर २००४ च्या नॅशनल म्युनिसिपल अकाउंट्स मॅन्युअलने उपार्जित पद्धत धरलीय, म्हणजे पैसे दिले नसले तरी खर्च ज्या वर्षीचा त्याच वर्षी धरायचा. अनुदानातून झालेल्या फिल्टर प्लांटचा घसारा (दरवर्षीच्या झिजेचा खर्च) धरलाय का तेही विचारा, पुढे तो बदलावा लागणारच आहे.

बाकी एकच आकडा सगळीकडे चालत नाही. गळती दुरुस्त करणं परवडेल का हे बघताना वीज, तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) एवढंच धरा, गळती थांबली म्हणून व्हॉल्व्हमनचा पगार थोडाच वाचतो! पाणीपट्टीसाठी मात्र पूर्ण खर्च लागतो, पण तो सगळा पट्टीत टाकला तर गळतीचे पैसे नियमित भरणाऱ्यांच्याच माथी, आणि सभेत नगरसेवक नेमकं तेच विचारतील.

आणि तुमच्याकडे मीटरच नसतील, अर्धा इंची नळाला वर्षाची ठरलेली पट्टी असेल, तर किती लिटरचं बिल झालं हे कुणालाच माहीत नाही. मग लिटरचा दर सोडा, एका कनेक्शनमागे वर्षाला किती खर्च येतो तो काढा आणि तोच सभेपुढे ठेवा.