सोलापुरातली नोकरी सोडून एकटीनं गुरुग्रामला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१, लग्न केलेलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या युनिटमध्ये मर्चंडायझर (खरेदीदार आणि कारखाना यांच्यामधलं ऑर्डरीचं काम), तिथं ४ वर्षं ९ महिने झालेत. गुरुग्रामच्या एका बाइंग हाउसची (परदेशी खरेदीदारांसाठी, म्हणजे बायरसाठी, इथल्या कारखान्यांतून माल बनवून घेणारी कंपनी) ऑफर आलीय, आकड्यानं पगार जवळपास दुप्पट. वडील ७२, आई ६६, भाऊ बायको-मुलांसह पुण्यात. तिकडे गेल्यावर लग्नाचं काय, हीही शंका. आणि घरीदारी सगळ्यांचं एकच पालुपद: "तुला काय, तू तर मोकळी आहेस."

मी याच धंद्यातली. २०१४ साली अशीच एकटी गुरुग्रामला गेले, उद्योग विहारमध्ये नोकरी केली, आता परत सोलापुरात असते आणि घरूनच बायरची कामं बघते. मत आधीच सांगून टाकते: जा. पण या महिन्यात नाही, आणि पगार दुप्पट आहे म्हणून तर नाहीच.

आधी तारखेचं बघा, कारण त्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. कायम नोकरीत पाच वर्षं पुरी झाली की ग्रॅच्युइटी बसते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. पाच वर्षांचे म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा मूळ पगार झाला. चार वर्षं २४० दिवस भरले तरी मिळते असं सांगणारे भेटतील, तसे निकालही आहेत; पण आपल्याकडचा मालक त्यावर हसत हसत चेक फाडेल असं मला तरी वाटत नाही. प्रश्न तीन महिन्यांचा आहे. नोटीस पीरियड आणि हातातल्या शिपमेंटचं कारण सांगून रुजू व्हायची तारीख पुढे मागा. आणि पीएफ काढायचा नाही. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करायचा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, ट्रान्सफर केला तर मागची वर्षं धरली जातात.

आता ते दुप्पट. पत्रात असतो तो सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, मेडिक्लेमचा हप्ता, व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग), सगळं कोंबलेलं असतं. एचआरकडून दरमहा खात्यात किती पडणार त्याची फोड घ्या, तीही व्हेरिएबल शून्य धरून. हरियाणात व्यवसाय कर नाही. आपल्याकडे बायकांना पगार २५ हजारांच्या वर असला की तो लागतो, तुम्हाला लागत असेल तर वर्षाला २,५०० वाचतील. स्वस्त झालं ते एवढंच! जुळे सोलापुरात दोन खोल्यांना जे भाडं पडतं त्यात तिकडे पीजीत दोघींत मिळून एक खोली मिळते. नव्या करपद्धतीत घरभाड्याची सूटही नाही. सोसायटीत फ्लॅट घेतलात तर मेंटेनन्स वेगळा, पॉवर बॅकअपच्या युनिटचा दर वेगळा, आणि थंडीत गीझर-हीटरचं बिल येतं ते बघून मे महिन्यातलं सोलापूर बरं वाटतं. (सोलापुरी चादर तिथल्या जानेवारीत पुरत नाही. आपल्याच मालाची बदनामी आहे, पण पानिपतची रजई घ्या.)

यातला प्रत्येक खर्च तुमच्या एकटीच्या पगारातून जाणार, हा खरा मुद्दा. मोकळी आहेस म्हणणाऱ्यांना वाटतं, एकट्या माणसाला काय, बॅग भरली की निघाले. उलट आहे. जोडप्यात एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याच्या पगारावर चार महिने ढकलता येतात. तुमची गेली तर भाडं त्याच तारखेला द्यायचं असतं. आणि बाइंग हाउसची नोकरी जाते, हे गृहीत धरूनच चाला. त्यांचं पोट एक-दोन मोठ्या बायरवर असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा ऑर्डरींचं काय झालं ते तुम्ही अक्कलकोट रोडवर बसून पाहिलंच असेल. युनिट अडचणीत आलं तर मालक दोन लूम विकून का होईना, तग धरतो. बाइंग हाउसकडे विकायला खुर्च्या आणि जुनी सॅम्पलं. म्हणून बिनधास्त विचारा: बायर किती, कुठल्या देशांचे, सगळ्यात मोठ्या बायरचा धंद्यात वाटा किती. गोलमोल उत्तर आलं तर समजून जा. आणि निघण्याआधी गुरुग्रामच्या हिशोबानं सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, सोलापूरच्या हिशोबानं नाही.

पैशाचं एवढं पुरे. दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते.

गुरुग्रामला पावसाळा संपता संपता डेंग्यूची साथ असते. मलाही झाला. प्लेटलेट उतरल्या म्हणून रात्री रिक्षा करून एकटीच दाखल व्हायला गेले. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला, "अटेंडेंट कौन है साथ में?" "कोई नहीं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, त्या रकान्यावर पेनानं गोल केला आणि म्हणाली, "नाम तो किसी का लिखना पड़ेगा." अंगात ताप, आणि मी तिथं उभी राहून फोनमधली नावं वर-खाली करतेय. आईचं लिहिता आलं असतं, पण आई दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे. शेवटी ऑफिसात क्यूसीला (मालाच्या तपासणीला) होता त्या मुलाचं नाव लिहिलं. तोवर आमचं बोलणं म्हणजे शेड मॅच होत नाही यावरून भांडणच. तो पानिपतला इन्स्पेक्शनला गेला होता, तिथून तसाच आला, पहाटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसला, आणि सकाळी डबा आणला त्यात राजमा-चावल! डेंग्यूच्या पेशंटला. पण आला.

तुम्हाला सांगायचंय ते हे की त्या रकान्यात लिहायला नाव असणं ही तिकडची पहिली गरज आहे, फ्लॅट नंतरची. म्हणून सुरुवातीला वन बीएचके घेऊन एकटीनं राहू नका, परवडत असलं तरी. पहिले काही महिने ऑफिसजवळच्या पीजीत काढा. जेवण बेचव असतं, मालकीण दहानंतर फोन करते, पण ताप आला तर दाराशी कोणीतरी येतं. मग ओळखीच्या दोघी-तिघी मिळून फ्लॅट बघा. लांब सेक्टरला भाडं कमी म्हणून भुलू नका. एक जोराचा पाऊस झाला की गुरुग्रामचे रस्ते तुंबतात आणि रात्री नऊला कॅबमध्ये तुम्ही अडकलेल्या असता. मेट्रोच्या चालत्या अंतरावर घर असलं की अर्धी चिंता मिटते, आणि पहिला डबा बायकांचा असतो. भाषेचं टेन्शन घेऊ नका. घराबाहेर पडल्यावर कन्नड, तेलुगू, दखनी ऐकत मोठी झालेली सोलापूरची पोरगी कुठेही निभावते. पहिला महिना तिकडच्या लोकांचं बोलणं अंगावर आल्यासारखं वाटेल, एवढंच.

आता आई-वडील. इथं मी जरा कडवट बोलेन. तुम्ही राहिलात तर त्यांचं सगळं तुमच्याकडे, आणि भाऊ म्हणेल तिनं स्वतःहून केलं. तुम्ही गेलात तर तुम्ही सोडून गेलात. लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत हे न बोलता ठरलेलं असतं. म्हणून जाण्याआधी भावाला सोलापुरात बोलवा, फोनवर नको, आणि कामं नावानिशी वाटा. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, तेही वेळी-अवेळी. त्या दिवशी मोटर लावून टाकी कोण भरणार? वडिलांना डॉक्टरकडे कोण नेणार? रात्री फोन आला तर पहिला कोणाला जाणार? पुण्याहून तो चार-पाच तासांत पोचतो, तुम्ही नाही, त्यामुळे पहिला नंबर त्याचाच. टाकी भरायला आणि बाजारहाटाला पगारी माणूस ठेवा, खर्च दोघांत अर्धा-अर्धा. वडिलांचं वय ७० च्या पुढे आहे, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं. सोलापुरातली कुठली रुग्णालयं यादीत आहेत ते आत्ताच बघून ठेवा. नव्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई बसते का ते विचारा, पण ते कव्हर नोकरीबरोबर जातं. आधीची स्वतंत्र पॉलिसी असेल तर ती बंद करू नका.

येण्या-जाण्याबद्दल खोटी आशा नको. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला जाते, पण एक दिवस नि वर काही तास लागतात, आणि रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचं तिकीट गणपतीच्या आसपास ठरवायचं. तातडीनं यायचं तर दिल्ली-पुणे विमान आणि पुढे अडीचशे किलोमीटर गाडी. दारापासून दारापर्यंत अर्धा दिवस जातोच. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं खरं, पण आजारपण त्याचं वेळापत्रक बघून येत नाही. आणि आईला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेला, येते असं कबूल करू नका. फ्रँकफर्टचं हाइमटेक्सटिल, म्हणजे टॉवेल-चादरींसारख्या घरगुती कापडाचं मोठं व्यापारी प्रदर्शन, जानेवारीत ऐन संक्रांतीच्या आसपास असतं. युनिटात होतात तोवर मालक फ्रँकफर्टला जायचा आणि तुम्ही नंदीध्वज बघायला. बाइंग हाउसात सॅम्पलचे खोके तुम्हीच भरणार, आणि अक्षता सोहळा व्हिडिओ कॉलवर बघणार. मी तेच केलं, दर वर्षी चिडून.

एवढं सगळं असूनही जा म्हणते ते कामासाठी. युनिटात बसून तुम्हाला बायरचा टेक पॅक (माल कसा हवा त्याचा तपशील) दिसतो आणि "प्राइस हाय" एवढाच निरोप येतो. का हाय, ते कळत नाही. तिकडे एका शीटवर सोलापूर, पानिपत, करूर आणि अंजार-बर्नाल्याच्या मोठ्या मिलांची कोटेशनं शेजारी शेजारी असतात. सुतापासून पॅकिंगपर्यंत सगळं एका आवारात करणारी मिल कुठं पैसे वाचवते, आपलं छोटं युनिट कुठल्या लॉटला तिच्या पुढे जाऊ शकतं, बायर कुठल्या चुकीला माफ करतो आणि कुठल्या चुकीला कायमचा काढून टाकतो, हे तिथं महिनाभरात दिसायला लागतं. मी आज घरी बसून जे कमावते ते त्या शीटवर शिकलेल्या गोष्टींवर. सोलापुरात हे शिकवणारं कोणी मला भेटलं नव्हतं.

लग्नाचंही विचारलंय तुम्ही. तिकडे गेल्यानं जुळत नाही आणि अडतही नाही. आत्या विचारायची ती विचारणारच, सोलापुरात काय आणि गुरुग्रामात काय.

तर आज पत्रावर सही करू नका. एचआरला मेल टाका: पगाराची फोड, नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, सामान हलवायचा खर्च कोण देणार, आणि रुजू व्हायला तीन महिन्यांची मुदत. तारखेला नाही म्हणाले तर बुडणाऱ्या ग्रॅच्युइटीएवढा जॉइनिंग बोनस मागा, मात्र "एका वर्षाच्या आत सोडल्यास परत" अशी ओळ त्यात आहे का ते बघून. दोन्हीला नाही म्हणाले तर ही ऑफर मी सोडून देईन. एप्रिलमध्ये पगारवाढी झाल्या की तिकडची माणसं हलतात, तेव्हा परत अर्ज टाका. तोवर पाच वर्षंही झालेली असतील.