शब्दाची जात वाक्यात ठरते

अनेक आशीर्वाद.

तू रचलेल्या भाषेचा कोश वाचला. ध्वनींची निवड सुरेख आहे. पण प्रत्येक शब्दापुढे 'नाम', 'विशेषण', 'क्रियापद' असा शिक्का आहे आणि वाक्य मात्र एकही नाही. मग ती जात ठरवली कशावरून?

शाळेत शिकलेल्या आठ जाती जशाच्या तशा उचलू नकोस. प्राचीन काळच्या यास्काने संस्कृत शब्दांवरच्या 'निरुक्त' या ग्रंथात चारच मानल्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). तुझ्या भाषेत किती, ते तिची वाक्यंच सांगतील.

झामेनहोफने रचलेली एस्परांतो भाषा बघ, 1887ची. तिथे शेवटच्या स्वरावरून जात कळते: 'ओ' असेल तर नाम, 'आ' विशेषण, 'ए' क्रियाविशेषण, 'ई' क्रियापदाचं मूळ रूप. वाटतं, प्रश्नच मिटला. पण 'ब्रोसो' म्हणजे ब्रश आणि 'ब्रोसी' म्हणजे ब्रशने साफ करणे. आता 'कोम्बी' म्हणजे विंचरणे, तर 'कोम्बो' म्हणजे कंगवा असायला हवा ना? नाही. 'कोम्बो' म्हणजे विंचरण्याची क्रिया. कंगव्यासाठी मध्ये साधनवाचक 'इल' घालून 'कोम्बिलो' म्हणावं लागतं. 'ब्रोस' मुळातच वस्तूचा शब्द आहे, 'कोम्ब' कृतीचा. प्रत्यय तेच, तरी अर्थ वेगळ्या वाटेने जातो. मुळाचा हा स्वभाव प्रत्ययात दिसत नाही, म्हणून तो कोशात लिहावाच लागतो. तुझ्या कोशात नेमकं हेच राहिलंय, आणि माझ्या मते भाषा रचणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

शिवाय अपवाद असतातच. एस्परांतोतलं 'ला' हे 'आ'कारान्त असूनही विशेषण नाही, ते इंग्रजीतल्या 'द'सारखं निश्चित उपपद आहे.

2001ची तोकी पोना, तीही रचलेलीच भाषा, अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे 'मोकु' म्हणजे अन्नही आणि खाणंही. 'यान ली मोकु ए किली', माणूस फळ खातो: 'ली' ही विधेयाची खूण आणि 'ए' ही कर्माची; त्यांच्या मध्ये आला म्हणून 'मोकु' इथे क्रिया झाला. जात शब्दाची नाही, जागेची. तुझी भाषा या दोहोंपैकी कुणाच्या जवळ आहे, हे आधी ठरव.

आता कोश वाढवू नकोस. आहेत त्यातले वीस शब्द घे. प्रत्येक शब्द कर्त्याच्या जागी, क्रियेच्या जागी आणि नामाच्या आधी घालून बघ. कुठे बसतो, कुठे अडतो, अर्थ कुठे सरकतो, ते वाक्यांसकट लिही. सारखे वागणारे शब्द एकत्र कर. नावं नंतर देता येतील. ती वाक्यं पाठव, मी वाट बघतोय.