ऐंशीच पिशव्या पुरे, असं का म्हणाले?

१९८६ साली मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून चिकटले आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत डॉक्टर काही झाले नाही, त्यामुळे औषधाची चिठ्ठी माझ्याकडे मागू नका. रक्ताबद्दल मात्र काहीही विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातली काही आज घेते.

ताई, माझ्या यजमानांचं मोठं ऑपरेशन होतं. मुलगा त्यांच्याच रक्तगटाचा, धडधाकट. तरी रक्तपेढीने त्याचं रक्त दुसऱ्याच कुणासाठी ठेवलं आणि आम्हाला परक्या माणसाचं दिलं. पोटच्या पोराचं रक्त बापाला चालत नाही, ही काय तऱ्हा? (एक वाचक, सांगली)

तुमचा राग मला नवा नाही. काउंटरवर माझ्याशी सर्वांत जास्त भांडणं याच कारणावरून झाली आहेत. पण त्या रक्तपेढीने केलं ते बरोबर केलं.

रक्ताच्या पिशवीत थोड्या पांढऱ्या पेशीही जातात. त्या परक्याच्या असल्या, तर आपलं शरीर त्यांना ओळखतं आणि संपवून टाकतं. मुलाच्या पेशी मात्र बापाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात, की शरीर त्यांना घरचंच समजून दार उघडं ठेवतं. त्या पेशींना तसं वाटतच असं नाही. त्या आत राहतात, वाढतात आणि मग त्वचा, यकृत, आतडी, अस्थिमज्जा यांच्यावर उठतात. हे फार क्वचित घडतं. पण घडलं तर पेशंट बहुतेक वाचत नाही. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं, तर त्या पिशवीला आधी ठरावीक किरण देऊन या पांढऱ्या पेशींची वाढ बंद करावी लागते. ते यंत्र सगळीकडे नसतं.

आणखी एक सांगते. तरुण बायकोला नवऱ्याचं रक्त शक्यतो देत नाहीत. तिच्या शरीरात त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) तयार झाली, तर पुढच्या बाळंतपणात ती बाळाला त्रास देऊ शकतात.

तुमच्या मुलाचं रक्त वाया गेलं नाही. ते कुणाच्या तरी वडिलांना गेलं असेल. तसंच तुमच्या यजमानांना मिळालेलंही कुणाच्या तरी मुलाचंच होतं.

वीस वर्षं ओ पॉझिटिव्ह म्हणून कार्ड खिशात बाळगलं. आता पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी सांगतात, तुमचा बॉम्बे ग्रुप आहे. रक्तगट बदलतो का? आणि मी तर जन्मापासून डोंबिवलीत! (एक वाचक, डोंबिवली)

डोंबिवलीकरांनाही होतो हो. नावात बॉम्बे आहे, कारण तो सापडला मुंबईत. १९५२ साली केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं आढळली, ज्यांचं रक्त तपासलं तर ओ दिसायचं, पण ओ गटाचंच रक्त त्यांच्या रक्तात मिसळलं तर गुठळ्या व्हायच्या. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं राहिलं.

तुमचा गट बदललेला नाही. आधी तो पुरता तपासलाच गेला नव्हता. शिबिरात काय करतात? काचपट्टीवर तुमच्या रक्ताचे थेंब, एकावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी. दोन्हींत गुठळ्या नाहीत, म्हणजे ओ. कार्ड तयार! रक्तपेढीत मात्र उलटी तपासणीही होते. तुमचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, घेऊन त्यात गट माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी टाकतात. खऱ्या ओ माणसाचा सीरम ओ पेशींना काही करत नाही. तुमच्या सीरमने त्यांच्याही गुठळ्या केल्या असणार.

हे असं का? लाल पेशीवर एच नावाची एक खुंटी असते असं समजा. ए गटाच्या माणसाने तिच्यावर ए टोपी अडकवलेली असते, बी वाल्याने बी, एबी वाल्याने दोन्ही. ओ वाल्याची खुंटी रिकामी. बॉम्बे ग्रुपच्या माणसाकडे खुंटीच नाही. म्हणून त्याच्या शरीराला ए, बी तर परकेच, पण ती रिकामी खुंटीसुद्धा परकी वाटते. ‘ओ सगळ्यांना चालतं’ हे आपण शाळेत शिकलो ते तुम्हाला लागू नाही. तुम्हाला फक्त बॉम्बे ग्रुपच्याच माणसाचं रक्त चालेल. आपल्या देशात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक, असं धरतात. नात्यात लग्नं होतात तिथे जास्त.

यातून घरात भलते संशयही उभे राहतात, म्हणून लिहून ठेवते. टोपी आईबापांकडून मिळालेली असते, पण खुंटी नसल्यामुळे दिसत नाही. अशा माणसाच्या मुलाला दुसऱ्या पालकाकडून खुंटी मिळाली की टोपी परत दिसायला लागते. त्यामुळे कार्डावर आईबाप दोघंही ओ आणि मूल ए, असं होऊ शकतं. एका जोडप्याचं यावरून मोडायला आलेलं मी पाहिलं आहे. उलट्या तपासणीच्या चार नळ्यांनी ते प्रकरण मिटलं.

आता तुम्ही काय करायचं? सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. प्रत्येकाचा गट तुमच्यासारखाच असण्याची शक्यता साधारण चारात एक असते, आणि सर्वांत जवळचा दाता तिथेच सापडतो. आधीच्या पत्रातली नात्याची भीती इथेही आहेच, त्यामुळे किरणांचं रक्तपेढीला विचारा. ऑपरेशन घाईचं नसेल, तर आधी स्वतःचंच रक्त काढून ठेवता येतं, तेही विचारा. आणि ते ओ पॉझिटिव्हचं कार्ड फाडून टाका. आजच.

(जाता जाता, ए गटातही ए१ आणि ए२ असे पोटप्रकार असतात आणि ते ओळखायला कुळथाच्या बियांचा अर्क वापरतात. पिठल्याचं कुळीथ, तेच. मला ट्रेनिंगमध्ये हे कळलं तेव्हा मी घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, मग आणखी थोडं वाढू का?)

कॉलेजच्या शिबिरात माझ्या बोटाचा थेंब निळ्या पाण्यात टाकला आणि ‘तुझं चालणार नाही’ म्हणून सगळ्या मैत्रिणींसमोर परत पाठवलं. माझं वजन ५४ आहे, मी अशक्त दिसतही नाही. (एक वाचक, लातूर)

‘चालणार नाही’ म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. ‘आज नको’ असं म्हणायचं असतं.

ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. त्याची घनता १.०५३ ठेवलेली असते. थेंब पंधरा सेकंदांत सरळ तळाला गेला, तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त. मध्येच रेंगाळला किंवा वर आला, तर कमी. स्वस्त आणि झटपट चाचणी आहे, पण थेंबात हवेचा बुडबुडा अडकला तर चुकते. म्हणून आधी प्रयोगशाळेत नीट हिमोग्लोबिन तपासून घे.

खरंच कमी निघालं, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घे. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. बीट खाऊन रक्त वाढतं ही रंगावरून झालेली समजूत आहे. त्यापेक्षा आजीला हळिवाचे लाडू करायला सांग. नोकरीला लागले त्या वर्षी माझं स्वतःचं ११.४ भरलं होतं. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त घ्यायचं आणि आपलं मात्र चालत नाही! माझं पहिलं रक्तदान १९८९ साली झालं.

कुर्ली (खेकडा) तोडली तर लाल रक्त येत नाही. तिला रक्त नसतं का? (इयत्ता सहावी, देवगड)

असतं की. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, कुर्लीच्या रक्तात तांबं. त्यामुळे ते आधी पाण्यासारखं दिसतं आणि हवा लागली की किंचित निळसर होतं. वरच्या लातूरच्या ताईचा थेंब ज्या मोरचुदात टाकला, त्यातही तांबंच असतं. सुपारीच्या बागेत मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण फवारतात, तो रंग आठव. आणि आजोबांच्या हातावरच्या निळ्या शिरांमध्येसुद्धा लालच रक्त असतं. त्वचेतून बघताना शीर निळी दिसते एवढंच.

आमचं मंडळ दरवर्षी गणपतीत शिबिर घेतं. गेल्या वर्षी २१२ जण रांगेत होते, पण रक्तपेढीवाले ८० पिशव्या भरल्यावर ‘पुरे’ म्हणून सामान आवरायला लागले. पोरांचा हिरमोड झाला. रक्त कधी जास्त होतं का? (एक कार्यकर्ता, सातारा)

होतं, दादा. रक्ताला तारीख असते. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातलं पिवळसर पाणी) आणि प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) असे भाग वेगळे करतात. लाल पेशी २ ते ६ अंशांत जास्तीत जास्त ४२ दिवस राहतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर टिकतो. प्लेटलेटचं आयुष्य फक्त पाच दिवसांचं, आणि त्यांना फ्रीजही मानवत नाही. २२ अंशांच्या आसपास, सतत हलणाऱ्या फळीवर ठेवाव्या लागतात. आम्ही त्याला पाळणाच म्हणायचो. रात्रपाळीत सगळं शांत झालं की त्याचा आवाज यायचा.

आता हिशोब करा. गणपतीत तुमच्या गावात पाच मंडळांची शिबिरं, वर कुणा साहेबांचा वाढदिवस. सगळ्या पिशव्या एकाच आठवड्यात भरल्या, म्हणजे संपायची तारीखही एकाच आठवड्यात. तारीख उलटलेल्या पिशव्या फेकायची नोंद मी माझ्या हाताने रजिस्टरात केली आहे. त्या दिवशी जेवण जात नाही.

आणि मे महिन्यात? कॉलेजं बंद, लोक गावी, ऊन मी म्हणतं. शिबिरं होत नाहीत. पण थॅलेसीमियाच्या, म्हणजे जन्मतःच शरीरात पुरेसं रक्त न बनणाऱ्या, मुलाला दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं ते लागतंच, त्याला उन्हाळ्याची सुटी नसते. मेमध्ये फ्रीज उघडला की मागची भिंत दिसायची.

पूर्वी अशा वेळी रक्त विकणारे दाराशी बसलेले असायचे. वेगवेगळी नावं सांगून तोच माणूस महिन्यात दोनदा यायचा, डोळे पांढरेफटक. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकत घेणं बंद झालं. बरं झालं. तेव्हापासून सगळी भिस्त तुमच्यासारख्यांवर आहे.

तेव्हा असं करा. २१२ जणांची यादी आहेच. गणपतीत ८० घ्या, बाकीच्यांना दिवाळीनंतर आणि मेमध्ये वाटून टाका. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं, त्यामुळे तीच माणसं दोनदाही येतील. यादीतल्या कुणी नुकताच टॅटू काढला असेल, तर त्याला वर्षभर थांबवा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना लगेच काढून टाकू नका. दाब आटोक्यात असेल आणि गोळी हल्ली बदललेली नसेल, तर डॉक्टर बघून घेतात.

मे महिन्यात शिबिर सकाळी सातला सुरू करा, दहाच्या आत आटोपा. मंडपाला पंखे लावा आणि चहाऐवजी कोकम सरबत ठेवा. तारीख ठरली की मला कळवा. साताऱ्याला माझी नणंद असते, मी येईन. माझं रक्त आता वयामुळे घेत नाहीत, पण बिस्किटांच्या टेबलावर बसेन.