मुलीला बोर्डिंगातून काढू का?

प्रश्न : माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. पहिलीपासून कोल्हापुरातल्या निवासी शाळेत आहे, आता आठवीत. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, थोडी शेती आहे. मध्ये टीव्हीवर कुठल्याशा वसतिगृहातल्या मुलींची बातमी बघितली आणि तेव्हापासून सासूबाईंनी धोशा लावलाय, पोरीला घरी आणा. शाळेत चौकशी केली तर म्हणाले, काळजीवाहकाची एक जागा रिकामी आहे, अनुदान थकलंय. मुलगी शाळा सोडायला तयार नाही. तिला लहान पोरांना शिकवायचंय म्हणे. सुट्टीला आली की दोन दिवस खुणांनी काहीबाही सांगत असते, आम्हाला निम्मं कळतं. गावच्या हायस्कूलला घातली तर चालेल का? आणि पुढं ती काय करू शकेल?
– एक आई, शिरोळ तालुका

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : ‘आम्हाला निम्मं कळतं.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ तिथंच आहे.

आधी गावच्या हायस्कूलचं बोलू. दहा-बारा वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडं आला होता. आईवडिलांना तो जवळ हवा होता आणि मीही मान डोलावली. शाळा नाही म्हणू शकत नाही, फिरते विशेष शिक्षक येतात, सगळं नीट होईल, असं मीच त्यांना समजावलं. दीड वर्षानं ती माणसं परत आली. बरोबर मुलाच्या वह्या होत्या. अक्षर असं देखणं की पानोपानी ‘छान’ शेरा. मी इतिहासाच्या एका उत्तरावर बोट ठेवलं आणि हातानंच विचारलं, हे काय? त्यानं हवेत चौकोन काढून दाखवला. फळा. फळ्यावर होतं, म्हणून वहीत आलं. दीड वर्ष तो पोरगा नुसता चित्रं काढावीत तशी अक्षरं उतरवत होता. बाई फळ्याकडं तोंड करून बोलायच्या, फिरते शिक्षक महिन्यातून एखादा तास यायचे आणि मधल्या सुट्टीत त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. तो सल्ला माझा होता, म्हणून आता जपून बोलते.

निवासी शाळा बंद करा, तो पैसा गावोगावच्या शाळांत घाला, असं म्हणणारे लोक आहेत. मूल आईपासून तोडू नये, हा त्यांचा मुद्दा मलाही पटतो. पण गावात कर्णबधिर मूल असतं एखादंच, आणि खुणांची भाषा एकट्यानं वाढत नाही. तिला दंगा करायला, भांडायला, चेष्टा करायला तसलीच चार पोरं लागतात. तुमची मुलगी शाळा सोडायला का तयार नाही, ते यावरून समजून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवडही मुलाची आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता सुरक्षिततेचं. कोल्हापूरला बोर्डिंगचं वावडं कधीच नव्हतं. १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या काळात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातनं जाताना अजून दिसतात. खेड्यातल्या पोरानं शिकायचं तर शहरात त्याच्या पोटाची आणि पथारीची सोय हवी, असा साधा हिशेब होता. पण त्या पोरांना कुणी छळलं तर ती घरी पत्र लिहू शकत होती, सुट्टीला आल्यावर आजीच्या कानात सांगू शकत होती. तुमच्या मुलीला सांगता येतं, पण घरात ते निम्मंच पोचतं. वाईट माणूस नेमकं हेच हेरतो. अर्जेंटिनातल्या मेंदोसा प्रांतात कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा होती. तिथं हातांनी बोलायला मनाई होती, मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानंच बोलायचं. २०१९ मध्ये तिथल्या दोन धर्मगुरूंना मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल ४२ आणि ४५ वर्षांची शिक्षा झाली. तोवर वर्षानुवर्षं त्या मुलांचं कुणापर्यंत पोचलं नव्हतं. ‘खुणा केल्या तर बोलायला शिकणार नाही’ म्हणत हातावर पट्टी मारणारे शिक्षक मी आपल्याकडंही पाहिलेत. असली शाळा दिसली तर पुढची चौकशी करत बसू नका, मुलीला काढा.

अनुदान थकलंय हे खरं असू शकतं. सरकार मंजूर पदांचे पगार देतं आणि निवासी मुलांमागं परिपोषण अनुदान, म्हणजे जेवणाखाण्याचा खर्च, देतं. ते हजेरी, तपासणी, हिशेब अशा वाटेनं येतं आणि तोवर संस्था किराणावाल्याकडं उधारी चालवते. माणूस निवृत्त झाला की जागा भरायला परवानगी लागते. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं झालं, तरी रिकाम्या खुर्च्या आपोआप भरत नाहीत. त्यातही शिक्षकाची जागा रिकामी असली तर ती दिवसाढवळ्या दिसते. रात्रीच्या काळजीवाहकाची जागा रिकामी असलेली कुणाला दिसत नाही, कारण त्या वेळी तिथं कुणी पाहुणा नसतो.

आणि पाहुण्यांची तऱ्हा बघा. वाढदिवस, पुण्यतिथी, नवीन गाडी, काहीही असो, मूकबधिर शाळेत जेवण द्यायची आपल्याकडं रीत आहे. एका रविवारी एका शाळेत मी तीन वाढदिवस पाहिले. तिसऱ्या केकपर्यंत पोरांनी तुकडा नुसता हातात धरून ठेवला होता. मंडळी मुलींच्या झोपायच्या खोलीपर्यंत जाऊन मोबाईलवर फोटो काढत होती. इथं रात्री कोण असतं, एवढं मात्र त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. वर्षभराच्या जिलेबीच्या खर्चात रात्रपाळीच्या एका बाईचा पगार निघावा, असा माझा अंदाज आहे. पण पगाराचा फोटो काढता येत नाही.

रात्रीचं महत्त्व ऐकणाऱ्या माणसाला चटकन कळत नाही. दिवा गेला की तुमच्या मुलीचं बोलणंही जातं आणि ऐकणंही. म्हणून व्हरांड्यात आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा, तोही इन्व्हर्टरवर. आगीची घंटा तिच्या उपयोगाची नाही. उघडझाप करणारा दिवा हवा, नाहीतर खाट हलवून उठवणारं माणूस. २०१९ चा महापूर तुम्हाला शिरोळकरांना मी काय सांगावा! पाणी चढतंय हे जिथं ओरडून सांगता येत नाही, तिथं चाळीस मुलींना कोण आणि कसं उठवणार, हे मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर लगेच आलं तर त्यांनी विचार केलाय असं समजा.

शाळेत जाल तेव्हा रविवारी जाऊ नका, त्या दिवशी सगळं पाहुण्यांसाठी आवरलेलं असतं. मंगळवारी-बुधवारी दिवेलागणीला जा. दारातच अडवलं तर तेही ध्यानात ठेवा. मुलींच्या खोलीजवळ झोपणारी बाई कोण, तिची पोलीस पडताळणी झाली आहे का, बाहेरच्या माणसांची नोंदवही आहे का, ते विचारा. मग गप्प उभं राहून बघा : त्या बाईशी मुली हात हलवून बोलतात, की मान खाली घालून कामाला लागतात? मला कॅमेऱ्यांपेक्षा यावरून जास्त कळतं. कॅमेरे असावेत, तक्रारपेटीही असावी, पण पेटीत चिठ्ठी टाकायला मराठी लिहिता यायला हवं. आणि मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकावर बोलावं लागतं. कर्णबधिर मुलीनं तिथं काय करायचं?

वेळ कधी येऊ नये, पण माहीत असू द्या. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशा प्रकाराची माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे. मुलीचा जबाब घेताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत द्यावी, अशीही त्यात तरतूद आहे. तो माणूस त्याच शाळेतला नको, हे मात्र तुम्ही ठासून मागायचं.

माझं मत विचाराल तर आत्ता शाळा सोडवू नका. पण मुलींजवळ रात्री बाईमाणूस नसेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथं परत पाठवू नका, आणि गावात न घालता दुसरी विशेष शाळा बघू. तोवर पाच-दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज शाळेला द्या, एक प्रत जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याणाच्या कार्यालयात द्या, आणि दोन्हीकडं पोच घ्या. एकट्या आईचा अर्ज फायलीत जातो, दहा सह्या जरा टोचतात.

आणि घरी खुणा शिका. शिक्षिका व्हायचंय ना तिला? पहिला वर्ग तुमचा भरू दे. ‘जेव’, ‘झोप’, ‘चल’ तुम्हाला येत असेलच. ‘भीती’, ‘नको’, ‘कोणी’, ‘कुठे हात लावला’, ‘गुपित’ हे येतं का? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं १०,००० शब्दांचा कोश व्हिडिओंमध्ये केलाय, मोबाईलवर फुकट बघता येतो. आठवड्याला एक व्हिडिओ कॉल ठरवा, आणि त्या वेळी तिच्या मागं वॉर्डन उभ्या नसाव्यात.

तिच्या शिक्षिका होण्याबद्दल कुणी हसलं तर लक्ष देऊ नका. त्याच केंद्राचा सांकेतिक भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा खास कर्णबधिरांसाठी आहे, बारावीनंतर. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात (एनआयओएस) दहावीला भारतीय सांकेतिक भाषा हा विषय घेता येतो. उच्च शिक्षणात सरकारी आणि अनुदानित संस्थांत दिव्यांगांना ५ टक्के जागा आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के, त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. खरी अडचण अकरावी-बारावीत येते, कारण कॉलेजात दुभाषी मिळणं मुश्कील असतं. त्याची तयारी आठवीतच करायची, म्हणजे वाचनाची. दहावीला जादा वेळ मिळतो, भाषा विषयांत सवलत मिळते, ती घ्या. पण सवलत मिळाली म्हणून मराठी वाचणं सुटलं, तर डिप्लोमाचा फॉर्मही दुसऱ्यानं भरावा लागेल.

सुट्टीत तिला घेऊन शाहूपुरीत या. मला तिच्याशीच बोलायचंय. माझ्या खुणा तोडक्यामोडक्या आहेत, तेव्हा दुभाषी बोलावून ठेवते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणा, नसेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात अर्ज कसा करायचा ते सांगते. मराठीची वहीही आणा. सुंदर अक्षराची नको, तिनं आपल्या मनानं चार ओळी लिहिल्या असतील ती आणा.