देवराई आणि निवृत्त तलाठी

प्रश्न : मुळशीतल्या आमच्या देवराईचा (देवाच्या नावाने राखलेल्या रानाचा) इतिहास गोळा करायला स्वयंसेवक हवेत. मी निवृत्त तलाठी. झाडं ओळखता येत नाहीत. जाऊ का?

उत्तर : काका, जाच! झाडं ओळखणारे मिळतात, जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, वाचणारे नाही. सातबाऱ्यावर देवाचं नाव कधी लागलं, कधी गेलं, ते तुम्हीच शोधाल. मोडी येत असेल तर पुण्यात पेशवे दप्तर, म्हणजे पेशवेकाळातल्या कागदांचा संग्रह, आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलंय, तेही चाळा.

मी पहिल्यांदा अशी माहिती गोळा करायला गेले तेव्हा माझी वही बघून गावातल्या आजी गप्पच. वही मिटली, चहा झाला, मग गारंबीच्या वेलावरच्या झोक्यांच्या आठवणी निघाल्या. आणि हळूच, देवळाच्या जीर्णोद्धाराला कुठली झाडं पडली तेही. ते मात्र बाहेर पडल्या पडल्या लिहून काढलं.